पाडव्याला बाहेर, मृगाला आत: हा हिशेब आता मोडला

बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात घरातल्या कूलरचं वर्ष ठरलेलं असे. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणत तो माळ्यावरून खाली यायचा. पाडव्याच्या आसपास टाकी घासून नव्या ताट्या बसवल्या आणि तो एकदा खिडकीत चढला, की मृग बरसेपर्यंत तिथून हलायचा नाही. मृगानंतर ताट्या उकिरड्यावर, कूलर पोत्यात आणि पोतं माळ्यावर. पाणी तापवायच्या बंबाचंही तसंच. दिवाळीच्या अभ्यंगाला चिंच लावून तो लख्ख व्हायचा आणि शिवरात्र झाली की कोपऱ्यात जायचा.

हा हिशेब आता चुकतो. फेब्रुवारीतच दुपारी पंखा पाच नंबरवर न्यावा लागतो आणि पहाटे त्याच खोलीत गोधडी शोधावी लागते. एप्रिलमध्ये कूलर ऐन जोरात असताना वळीव येतो, रात्रभर लाईट जाते आणि दुसऱ्या दिवशी तोच कूलर लावला तरी अंग चिकटचिकट होतं. पावसाळ्यात महिनाभर उघडीप पडते, तेव्हा पोत्यात बांधलेला कूलर पुन्हा सोडायचा की नाही, यावर घरात वाद होतो.

हा आपल्या मनाचा खेळ नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३ चा फेब्रुवारी हा देशातला तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बिदर जिल्ह्यातल्या काही गावांत गारांचा पांढरा थर पडला होता आणि ऑगस्ट मात्र देशभरात १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट निघाला. २०२४ चा ऑक्टोबर सर्वांत उष्ण ऑक्टोबर म्हणून नोंदला गेला. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि पुढच्या दोन दिवसांत थेट मुंबईपर्यंत आला. ज्या आठवड्यात कूलरचा सर्वांत जास्त उपयोग व्हायचा, त्याच आठवड्यात तो निरुपयोगी झाला.

घरातली यंत्रं उन्हानं जितकी बिघडतात, त्याहून जास्त या उलटापालटीनं बिघडतात. सलग दोन महिने चाललेली मोटर तग धरते. पण चार दिवस चालली, दहा दिवस ओल्या टाकीशेजारी पडून राहिली आणि मग अकराव्या दिवशी कमी व्होल्टेजवर एकदम सुरू केली, की ती जळते. म्हणून देखभालीचं पंचांग बदलायला हवं. ते कसं, ते एकेक करून पाहू.

आधी छत, मग यंत्र

यंत्रावरचा भार कमी करायचा सर्वांत स्वस्त उपाय डोक्यावर असतो. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं उन्हाला दाद देत नसत. लाकडी दांड्यांवर फळ्या, त्यावर हातभर पांढरी माती. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली उतरायला रात्र व्हायची आणि तोवर बाहेर गारवा आलेला असे. पहाटेच्या थंडीतही तीच माती उबेला यायची. दिवस-रात्रीतली तफावत माळवद स्वतःच पचवत होतं.

आता बहुतेकांच्या डोक्यावर चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब आहे किंवा पत्रा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सात-आठला ते खोलीत ओकू लागतो. बाहेर वारा गार सुटलेला असतो, आत मात्र भट्टी. मग कूलर आणि एसी हवेशी नव्हे, छताशी झुंजत राहतात.

त्यावर उपाय म्हणजे गच्चीला पांढरा रंग. चुना रात्रभर भिजवून गाळून घ्या, चिकटपणासाठी त्यात डिंक किंवा थोडा फेव्हिकॉल घाला आणि झाडून-धुऊन वाळवलेल्या गच्चीवर दोन हात द्या. पांढऱ्या छतामुळे घरातलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं, असा ठिकठिकाणचा अनुभव आहे. आपल्या शेजारच्या तेलंगणानं तर २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. चुन्याची एक अडचण आहे. अवकाळीच्या दोन सरी आल्या की तो पातळ होतो. म्हणून फेब्रुवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये पाऊस होऊन गेल्यावर हात फिरवायला थोडा चुना राखून ठेवा. ऐपत असेल तर पाण्यात न धुपणारा पांढरा गच्चीरंग घ्या. तो काही वर्षं टिकतो.

भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर बादल्या ओतायची सवय मात्र सोडा. तापलेलं सिमेंट एकदम गार पडलं की बारीक तडे जातात आणि तेच तडे जूनमध्ये गळतात. पाणी मारायचंच तर ऊन उतरल्यावर मारा.

पत्र्याच्या घरात पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या चटयांचं किंवा तुराट्यांचं छत केलं तर फरक लगेच जाणवतो. पण तुराट्या पेट घेतात, त्यामुळे त्यांतून वायर ओढू नका आणि खाली चूल ठेवू नका. पत्र्यावर दगड ठेवण्याची आपली रीतही धोक्याची आहे. वळवाच्या वाऱ्यात पत्रा तर उडतोच, पण दगडही खाली येतो. त्याऐवजी हुक-बोल्टनं पत्रा पक्का करा. फरशी शहाबादीची असेल तर तुम्ही नशीबवान आहात. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातला हा दगड उन्हाळ्यात पायाला गार लागतो. त्यावर टाइल्स बसवायची घाई करू नका.

कूलर कधी गार करतो, कधी नाही

कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त आणि गारवा जास्त. हे एकदा ध्यानात आलं की अर्ध्या तक्रारी मिटतात.

समजा, बाहेर ४० अंश आहे आणि हवेत आर्द्रता २० टक्के. अशा हवेत ओली ताटी जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत गारवा देऊ शकते. चांगला कूलर प्रत्यक्षात २७ अंशांच्या आसपासची हवा फेकतो. आता वळीव होऊन गेला, तापमान ३४ वर उतरलं, पण आर्द्रता ६० टक्के झाली. आता कूलर कितीही नवा असला तरी त्याची हवा २९ अंशांच्या खाली फारशी जाणार नाही, आणि वर ती ओलीचिंब असेल. बाहेरचा पारा सहा अंशांनी उतरला तरी कूलरची हवा उलट गरम! अशा दिवशी माणसं मेकॅनिकला बोलावतात, तो पंप बदलतो, पैसे जातात आणि घाम तसाच राहतो. दोष यंत्राचा नसतोच.

तेव्हा दमट दिवशी पंप बंद ठेवा, नुसता पंखा चालवा आणि समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. कोरड्या दिवशीही कूलरसमोरची एक खिडकी वीतभर उघडी हवी. ओली हवा बाहेर पडायला वाट नसेल तर अर्ध्या तासात खोलीच दमट होते. आणि एसी चालू असलेल्या खोलीत कूलर लावू नका, कारण एसी हवेतला ओलावा काढत असतो आणि कूलर तोच परत भरत असतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आपल्या बोअरचं पाणी जड. ते वाफ होऊन उडतं आणि क्षार ताट्यांवर पांढरे होऊन बसतात. ताटीची भोकं बुजली की हवा कमी येते, मोटरवर ताण येतो आणि बिल वाढतं. म्हणून टाकीत नुसती भर घालत राहू नका. चार-पाच दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून नवं पाणी घ्या. मधमाशीच्या पोळ्यासारख्या पुठ्ठ्याच्या जाळ्या असतील तर त्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून हलक्या हातानं धुवा; ब्रशनं घासलं तर त्या फाटतात. गवताच्या ताट्या मात्र दरवर्षी नव्याच घ्या.

पाऊस येऊन कूलर चार-आठ दिवस बंद राहणार असेल तर टाकीतलं पाणी काढायला विसरू नका. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा पुरतो. ऋतू ठरलेले होते तेव्हा टाकी एकदाच रिकामी व्हायची. आता ती हंगामात चार-पाच वेळा करावी लागेल, आणि दर वेळी पंप बाहेर काढून सुकवावा लागेल. ओल्या गाळात पडलेला पंप पुढच्या वेळी फिरत नाही.

मोठा कूलर कोरड्या दुपारी तासाला दहा लिटरच्या आसपास पाणी पिऊन टाकतो. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात हा हिशेबही करावा लागतो. भांडी विसळलेलं किंवा साबणाचं पाणी कूलरला घालू नका; त्यानं वास येतो आणि घसा धरतो.

कूलरची हवा हळू झाली, पंखा हातानं ढकलल्यावर फिरू लागला, तर बहुतेक वेळा मोटर जळलेली नसते, कंडेन्सर गेलेला असतो. छताच्या पंख्याचंही तेच. पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लागतो. तो स्वस्त असतो आणि पाच मिनिटांत बदलून होतो. नवी मोटर घ्यायच्या आधी ही तपासणी करायला सांगा.

एसी असेल तर

औरादसारख्या गावातही आता घरांच्या भिंतींवर एसीचे डबे दिसतात. या डब्याचे दोन शत्रू आहेत: पश्चिमेचं ऊन आणि मळणीची धूळ. तूर-सोयाबीनच्या राशी होतात तेव्हा उडणारा भुसा बाहेरच्या युनिटच्या जाळीत जाऊन बसतो. महिना-दीड महिना जाळी तुंबलेली राहते आणि फेब्रुवारीत अचानक ऊन तापलं की त्याच अवस्थेत आपण एसी सुरू करतो. म्हणून राशी आटोपल्यावर, ऊन तापायच्या आधी, बाहेरचं युनिट पाण्यानं धुवून घ्या. आतली जाळी वापराच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरा. हे काम घरातलं कुणीही करू शकतं.

बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर वर छज्जा किंवा पत्र्याची सावली करा, पण समोर आणि बाजूला हवा मोकळी ठेवा. सगळीकडून ताडपत्री गुंडाळली तर गरम हवा तिथंच कोंडते.

तापमान २४ ते २६ वर ठेवा आणि सोबत पंखा हळू चालवा. १ जानेवारी २०२० पासून स्टारचं लेबल असलेले एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतील अशी सक्ती आहे. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. १८ वर लावल्यानं खोली लवकर गार होत नाही. नेहमीच्या एसीचा कॉम्प्रेसर तेवढ्याच जोरानं चालतो, फक्त थांबायचं विसरतो. पावसाळी दमट दिवसांत एसीचं ‘ड्राय’ बटण वापरून पाहा. तेव्हा गारव्यापेक्षा कोरडेपणाची गरज असते आणि ते कमी विजेत भागतं.

लाईट जाते तेव्हा नव्हे, येते तेव्हा

वळवाच्या पावसात यंत्रं जळतात ती बहुधा लाईट जाताना नाही, परत येताना. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट कमी व्होल्टेजची. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर आणि शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की ते बरेच खाली येतात. कमी व्होल्टेजवर फ्रीज आणि एसीचा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि एक दिवस बंद पडतो. या दोघांना स्टॅबिलायझर हवाच, आणि तोही लाईट आल्यावर तीन मिनिटं थांबून सुरू होणारा. नुकताच थांबलेला कॉम्प्रेसर लगेच सुरू केला तर आतल्या गॅसच्या दाबाविरुद्ध त्याला फिरावं लागतं.

दुसरी गोष्ट तुटलेल्या न्यूट्रलची. वादळात डीपीवरची किंवा खांबावरची न्यूट्रल तार तुटली तर २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्टेज घरात येऊ शकतं. एका रात्रीत गल्लीतले सगळे टीव्ही, पंखे, चार्जर जळतात ते यामुळेच. म्हणून वादळ आलं, लाईट गेली की मेन स्विच बंद करा. लाईट आल्यावर फक्त एक साधा बल्ब लावा. तो नेहमीपेक्षा पांढराफटक पेटला किंवा फडफडत कमी-जास्त होऊ लागला तर मेन पुन्हा बंद करा आणि जेस्कॉम या वीज कंपनीच्या लाइनमनला कळवा. बल्ब पाच-दहा मिनिटं नीट जळाला, की मगच पंखे, मग फ्रीज आणि शेवटी एसी.

तिसरी गोष्ट आभाळातल्या विजेची. बिदरला महमूद गवानचा मदरसा पाहिला असेल तर त्याची एक बाजू आणि एक मनोरा नाहीसा झालेला दिसला असेल. १६९६ मध्ये तिथल्या दारूच्या साठ्याचा स्फोट झाला आणि तो वीज पडून झाला, असं सांगितलं जातं. घरात दारूचा साठा नसतो, पण टीव्हीची केबल, गच्चीवरची टाकी आणि सोलरचे पाइप विजेला घरात यायची वाट देतात. आभाळ गडगडू लागलं की प्लग काढून ठेवा; नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. शेतात जाणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये तर ते असायलाच हवं.

अर्थिंगकडे आपण सहसा पाहत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या नळीभोवतीची पकड सुटते. ज्या महिन्यात लोखंडी कूलर सर्वांत जास्त चालतो, नेमक्या त्याच महिन्यात अर्थिंग सर्वांत कमकुवत असतं. मार्च ते जून दर दोन-तीन दिवसांनी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. कूलरला तीन पिनांचाच प्लग लावा, टाकी भरताना प्लग काढा आणि ओल्या हातानं किंवा अनवाणी त्याला हात लावू नका. लहान मुलं खेळता खेळता कूलरला टेकतात, हे विसरू नका.

इन्व्हर्टरची बॅटरी

लाईट वारंवार जाऊ लागली की बॅटरी वारंवार रिकामी होते आणि उन्हाळ्यात तिच्यातलं पाणीही लवकर उडतं. शिशाच्या बॅटरीचं एक ढोबळ गणित आहे: पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांनी तिचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. पत्र्याच्या खोलीत, जिन्याखाली कोंडलेल्या जागेत ठेवलेली बॅटरी म्हणूनच लवकर मरते. ती सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, त्यामुळे जवळ देव्हारा किंवा गॅसची शेगडी नको. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि एरवी दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहा. बोअरचं पाणी चुकूनही घालू नका. रात्री इन्व्हर्टरवर कूलर चालवायचा असेल तर एकाच खोलीत सगळे झोपा. दोन कूलर ओढायची ताकद घरगुती बॅटरीत फार वेळ नसते.

थंडीच्या लाटा आणि गरम पाणी

बिदर जिल्हा दोन हजार फुटांच्या आसपासच्या पठारावर आहे. त्यामुळे हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असलं की रात्रीचा पारा झपाट्यानं उतरतो. थंडीच्या लाटेत तो दहा अंशांच्याही खाली जातो. पण बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठलं की डिसेंबरातही इथं ढग येतात आणि थंडी गायब होते. ढग फाटले की पुन्हा हुडहुडी. एकाच आठवड्यात पाणी तापवायचं की नाही हे दोनदा बदलतं.

गिझरचं तापमान ५०-५५ अंशांवर ठेवा. जड पाणी जास्त तापवलं की क्षार कॉइलवर चिकटतात. मग कॉइल आतल्या आत तापते, पाणी उशिरा गरम होतं आणि एक दिवस कॉइल फुटते. दिवाळीच्या आधी गिझर उघडून क्षार काढून घ्या, आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदला. मार्चनंतर गच्चीवरच्या टाकीचं पाणीच कोमट येतं, तेव्हा गिझरचा एमसीबी खाली करा.

बादलीतला रॉड अजून बऱ्याच घरांत आहे. पाण्यात बुडवून मगच बटण दाबायचं आणि बटण बंद करून प्लग काढल्यावरच पाण्याला हात लावायचा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. लोखंडी बादलीत रॉड लावू नका. रॉड लावून फोनवर बोलायला जाऊ नका.

गच्चीवरच्या सोलर बंबाला उलटापालटीचा फटका दोन प्रकारे बसतो. गारा पडल्या की काचेच्या नळ्या फुटतात. मार्च-एप्रिलच्या गारपिटीच्या दिवसांत त्यांवर बारीक छिद्रांची मजबूत जाळी आडवी लावून ठेवा. दुसरा फटका पाण्याच्या टंचाईचा. टाकी रिकामी राहून नळ्या उन्हात तापल्या आणि दुपारी टँकर आल्यावर एकदम गार पाणी सोडलं की काच तडकते. पाणी नसेल तर नळ्यांवर पोती टाकून ठेवा आणि पाणी सकाळी लवकर किंवा रात्रीच सोडा.

विजेच्या सोलर पॅनेलची तपासणी २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळ्यांचा मारा करून झालेली असते. म्हणजे बोराएवढ्या गारा ते सहन करतं. लिंबाएवढ्या मोठ्या गारांची हमी नाही. विमा काढताना गारपीट त्यात धरली आहे का, ते वाचून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं: अचानक आलेल्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही; झोपेतच जीव जातो. खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझरही तसाच घातक. तो न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून पाइपनं पाणी आत घ्या. लहानपणीचा तांब्याचा बंब अंगणात असायचा, तो उगाच नव्हे.

दोनशे युनिटांचा हिशेब

कर्नाटकात जुलै २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ मधल्या तुमच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ठरलेले युनिट मोफत मिळतात. त्याहून जास्त झाले तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि एकूण वापर दोनशेच्या पुढे गेला तर पूर्ण बिल भरावं लागतं. सीमेपलीकडच्या उदगीर-देगलूरच्या पाहुण्यांना हा नियम लागू नाही. औरादकरांना मात्र तो पाठ हवा.

हिशेब असा. १८० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर महिन्याला ५४ युनिट. ७५ वॅटचे दोन जुने पंखे रोज बारा तास चालले तर आणखी ५४. फ्रीजचे साधारण ३०, दिवे-टीव्हीचे २०, पाण्याच्या मोटरचे १२. बेरीज १७०. म्हणजे कूलरचं घर दोनशेच्या आत राहतं. त्यात एसी रोज पाच तास लावला तर तासाला एक युनिट धरूनही १५० वाढतात आणि सवलत हातची जाते.

वाट आहे. जुने पंखे बदलून ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी पंखे लावले तर त्याच बारा तासांत दोन पंख्यांचे ५४ चे २२ युनिट होतात. म्हणजे महिन्याला ३२ युनिटांची बचत, आणि हे पंखे कमी व्होल्टेजवरही हळू होत नाहीत. एसी घ्यायचाच असेल तर कोरड्या दिवसांत कूलर आणि दमट दिवसांतच एसी, असा नियम घरात घाला.

नवं पंचांग

संक्रांत झाली की कूलर खाली काढा, मोटर आणि कंडेन्सर तपासा, अर्थिंग पाहा. गच्चीला चुना फेब्रुवारीत.

मार्च ते मे या काळात रोज हवामान खात्याचा अंदाज पाहा. पाऊस किंवा गारा सांगितल्या असतील तर सोलरवर जाळी, पत्र्याचे हुक घट्ट, प्लग बाहेर, बॅटरी भरलेली. पाऊस होऊन गेला की कूलरची टाकी रिकामी, पंप कोरडा, गच्चीवर चुन्याचा हात.

मृगाला कूलर धुऊन, सुकवून झाका. पण माळ्यावर चढवू नका. ऑगस्टच्या उघडिपीत आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तो लागू शकतो. पूर्ण बांधाबांध दिवाळीला.

दसऱ्याला हत्यारं पुजताना गिझरही तपासा. हिवाळ्यात आभाळ स्वच्छ झालं की त्या रात्री थंडी वाढणार, हे ओळखून गोधड्या आणि म्हाताऱ्या माणसांची कानटोपी वर काढा.

मेकॅनिकला पहिल्या उकाड्याच्या दिवशी फोन केला तर तो आठ दिवस येणार नाही, कारण त्या दिवशी सगळं गाव त्यालाच फोन करत असतं. त्याला जानेवारीतच बोलवा. तो निवांत असतो, काम नीट करतो आणि भावही करता येतो.

शेवटी एक काम आजच करा. मीटरच्या बोर्डापाशी जा. तिथं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवलेलं असेल तर त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण दिसेल. ते दाबा. खटका खाली पडला तर तुमचं घर शॉकपासून राखलं जातंय; खटका वर करा आणि महिन्यातून एकदा हेच करत जा. खटका पडला नाही, किंवा असं काही बोर्डावर नाहीच, तर यंदा कूलरला प्लग लावायच्या आधी वायरमनला बोलावून ते बसवून घ्या.